मोतीबिंदू आणि पंतप्रधानांची सुट्टी

माझं दुपारपर्यंत मौन असतं. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूच्या रांगेत माझ्या शेजारी एक शिंपीदादा आणि त्यांच्या बहिणीचे यजमान बसले होते.

"दादा, बीपी वाढलंय. उतरलं नाही तर आजही ऑपरेशन नाही."

"सिस्टर, तिसरी खेप आहे हो! सुईत दोरा जात नाही माझा."

"दहा मिनिटं शांत बसा."

"दाजी, शांत बसलं की जास्तच भीती वाटते."

"मग ऐका. तुमचे लाडके पंतप्रधान आठ दिवस मासे पकडायला गेलेत."

"जाऊ देत की! माणूस आहे, दमतो."

"आमच्या टॅक्सवर?"

"त्याच टॅक्समधून माझ्या डोळ्याचं ऑपरेशन फुकट होतंय!"

"तिसऱ्या खेपेला! डॉक्टर चार हवेत, आहे एक. आणि साहेब गळ टाकून बसलेत."

"तुम्ही भरदुपारी दुकान बंद करून घोरता, ते चालतं?"

"माझ्या घोरण्यानं इथली रांग वाढत नाही, मेहुणे!"

"हात द्या दादा. अगंबाई, उतरलं की! चला आत."

"सिस्टर, ह्यांनाही घ्या ना आत."

"नातेवाइकांनी बाहेरच थांबायचं."

"अहो, पण टॅक्सचं उत्तर द्यायचं राहिलंय माझं!"

"बाहेर येऊन द्या, मेहुणे. तुम्हाला हरवल्याशिवाय मी इथून हलत नाही."