पाहुण्यांच्या बाकांवर छप्पर नाही

जावा बेटावरच्या कालिजेरुक गावात, सरकारी दवाखान्याच्या बाकावर बू तुमिरा रक्तदाब मोजून घ्यायला बसल्या होत्या. पलीकडे दोघे बोलत होते. एक मैदानावरचा पाऊस थोपवणारा म्हातारा सादिरुन, दुसरा गावच्या नव्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरी हर्दोयो.

"आजोबा, रविवारी पाऊस नको बरं का."

"समोर कोण?"

"आपलाच जुना संघ. गेल्या साली शहरवाल्यांना विकला ना, पोरांसकट, तोच."

"म्हणजे आपलीच पोरं पाहुणी?"

"हो. चिखलात त्यांना कुणी हरवत नाही. मैदान कोरडं असेल तरच आपण जिंकू."

"आपण म्हणजे कोण रे?"

"गावचा संघ."

"त्यात गावचे किती?"

"एक. राखीव गोलकीपर."

"मग काडीला मिरच्या-कांदे टोचून मी मैदानात खोचणार नाही. पडू दे पाऊस."

"अहो, पण कालपासून आंघोळ सोडलीत ना त्यासाठी?"

"आज करतो. पाऊस थोपवायचाच नाही, तर पारोसा कशाला राहू?"

नाकाला रुमाल लावून बसलेल्या बू तुमिरांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

"बरं. पोरांच्या आया मात्र पाहुण्यांच्या बाकांवर बसणार म्हणतायत."

"तिकडे छप्पर कुठाय?"

"नाहीच."

"किती जणी?"

"अठरा. माझी आईपण. धाकटा त्यांच्याकडून खेळतो ना."

म्हाताऱ्याने खिडकीतून वाकून आभाळ पाहिलं.

"मिरच्या लालच आण. हिरव्या चालत नाहीत."

"म्हणजे धाकटा हरणार."

"हरू दे. जेवायला घरीच येईल ना?"