नुरुंजी जेवली का?

चेरिन : पेटी जमिनीवर कुणी ठेवली?

तेओची आई : आल्या आल्या पोलीस चौकशी! दार तरी लाव. सगळी थंडी घरात घेतेस.

चेरिन : लावलं. काकू, मी विचारतेय, नुरुंजीची पेटी जमिनीवर कुणी ठेवली? तेओ फौजेत गेला तेव्हा ही त्याच्या टेबलावर होती. अर्ध्या भागाखाली गरम चटई, अर्धा भाग गार. मी स्वतःच्या हाताने लावून दिली होती.

तेओची आई : काकू! गेल्या वर्षापर्यंत ‘आई, आई’ करत माझ्या दुकानातून किमचीचे डबे भरून न्यायचीस. आता काकू झाले होय मी?

चेरिन : तुमच्या मुलाशी नातं उरलं नाही, मग आई कुठल्या तोंडाने म्हणू? तुम्ही बोलावलंत म्हणून आले. नाहीतर या गल्लीत पाऊल टाकणार नव्हते.

तेओची आई : मलाही काही हौस नव्हती तुला बोलवायची. कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकडे गेले होते आधी. पेटीवरचं फडकं काढलं तर तो खुर्चीवरून उठून भिंतीला टेकला. म्हणतो, आजी, मी पाली बघत नाही. आजी म्हणाला मला! चाळिशी उलटून गेलेला माणूस!

चेरिन : झाकण काढा. ... नुरु? नुरुंजी? इकडे बघ. आई गं, ही शेपूट बघा! उकडलेल्या रताळ्यासारखी गुबगुबीत होती. सुतळी झालीय नुसती.

तेओची आई : खात नाही ती. नवं वर्ष लागल्यापासून तोंड फिरवून बसलीय. वळवळणारे किडे रोज विकत आणते मी. जी दुकानात एक माशी बसू देत नाही, ती बाई किड्यांचा डबा पर्समध्ये घालून बाजारातून येते. कुणासाठी?

चेरिन : बोटांवर जुनी कातडी तशीच अडकलीय. डोळे आत गेलेत. अंगातलं पाणी आटलंय हिच्या. आणि नाकाला हे तांबडं, चिकट काय लागलंय? रक्त?

तेओची आई : रक्त कसलं! जिन्सेंग आहे. लाल जिन्सेंगच्या मुळीचा अर्क, ताकदीचा, चांगल्यातला.

चेरिन : काय?

तेओची आई : थेंबभर लावला नाकाला. चाटला तिने. तेओ शाळेत होता तेव्हा परीक्षेच्या दिवसांत रोज चमचाभर द्यायचे. एक दिवस कधी आजारी पडला नाही.

चेरिन : नुरुंजीची कुठली परीक्षा होती, काकू?

तेओची आई : टोमणे नकोत. जिवंत ठेवायची म्हणून घरात होतं नव्हतं ते केलं मी. तू कुठे होतीस?

चेरिन : पेटी उचलू द्या. बापरे, मोज्यातून तळवे भाजतायत माझे! केवढी तापलीय ही जमीन!

तेओची आई : तापणारच. बॉयलरचं गरम पाणी सगळ्यात आधी त्याच कोपऱ्याखालून जातं. घरातली मानाची जागा आहे ती. माझे सासरे होते तोवर त्या जागेवर दुसऱ्या कुणी बूड टेकलं नाही. तिथे हिला ठेवली, राणीसारखी. मी पलीकडे खिडकीखाली कुडकुडत झोपते.

चेरिन : राणीला तव्यावर ठेवलंत तुम्ही.

तेओची आई : जीभ सांभाळ, पोरी.

चेरिन : हिला गरम बाजू लागते तशी गार बाजूपण लागते. अंग तापलं की ही सरकते तिकडे. इथे पेटीचा कोपरान् कोपरा तापलेला. जाणार कुठे? चारही बाजूंना काच.

तेओची आई : मला काय माहीत? तुम्हीच दोघं सांगत होतात ना, वाळवंटातलं जनावर आहे म्हणून? वाळवंटातलं जनावर गरमीने आजारी पडतं, हे मी पहिल्यांदाच ऐकतेय.

चेरिन : वाळवंटात दगडाखाली सावली असते. पोट बघू दे तुझं, नुरु. अशी, अशी. चावणार नाही ती, काकू, मागे काय सरकता? या इकडे. बघा. नाही, बघाच तुम्ही.

तेओची आई : लाल कशाने झालंय?

चेरिन : भाजलंय. कडेची साल सुटलीय. म्हणून खात नाही ती. तुमचं पोट असं सोलून निघालं असतं तर तुम्ही जेवला असतात?

तेओची आई : मी भाजलं, असं म्हणायचंय तुला?

चेरिन : मी कशाला म्हणू? पोट म्हणतंय.

तेओची आई : तो तिकडे सीमेवर, चोरवॉनच्या डोंगरात पहाऱ्याला उभा असतो. सांगत होता, पापण्यांवर बर्फ धरतो म्हणून. इथून मी त्याला ऊब कशी देऊ? पांघरूण पाठवलं तर घेऊ देत नाहीत. म्हटलं, त्याच्या जनावराला तरी गरम ठेवते. बॉयलरचं बटण एक घर वर सरकवलं मी तिच्यासाठी. एवढंच केलं.

चेरिन : तुमच्या मनातलं तिच्या पोटाला कळत नाही, काकू.

तेओची आई : दगड आहेस तू. बरं झालं या घरात आली नाहीस.

चेरिन : बरंच झालं. तो ओला रुमाल द्या. डब्यात घालून नेते हिला. स्टेशनच्या मागे एक बाई डॉक्टर आहे, साप, पाली, कासवं बघते. सातला दवाखाना बंद करते ती.

तेओची आई : ने. दाखव. आणि परत घेऊन ये.

चेरिन : परत? इथे?

तेओची आई : पेटी टेबलावर ठेवते मी. चटई लावते. कशी ते दाखव फक्त.

चेरिन : मलम लावायला हातात घ्यावं लागेल. जबडा हलकेच उघडून औषध घालावं लागेल. बोटांची कातडी ओल्या काडीने सोडवावी लागेल, नाहीतर बोटं झडतात. तुम्ही चिमट्याने किडा टाकताना डोळे मिटता, हे तेओनेच सांगितलंय मला.

तेओची आई : भांडी घासायचे हातमोजे घालीन.

चेरिन : नको. माझ्या खोलीवर राहील ती.

तेओची आई : इथून हलणार नाही ती!

चेरिन : मरेल.

तेओची आई : मग इथेच मरू दे!

चेरिन : काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?

तेओची आई : मला कळतंय. तुला नाही कळायचं. संध्याकाळी फौजेत पोरांना त्यांचे फोन देतात. रोज फोन येतो त्याचा, एक दिवस चुकत नाही. आणि काय विचारतो? नुरुंजी जेवली का? नुरुंजी हगली का? कातडी टाकली का? संपलं. ठेवतो, आई. माझा गुडघा, माझं दुकान, मी जिवंत आहे की नाही, काही नाही. पण फोन येतो! हिच्यासाठी येतो. तू उचलून नेलीस हिला, की तो फोन तुझ्या दारात वाजणार. मग मी कुणाची वाट बघू?

चेरिन : म्हणजे तो विचारतो, आणि तुम्ही रोज सांगता, जेवली म्हणून?

तेओची आई : पोट भरून जेवली म्हणते.

चेरिन : फोटो मागत नाही?

तेओची आई : जुने पाठवते.

चेरिन : धन्य आहे!

तेओची आई : नाकाने कांदे सोलू नकोस माझ्यासमोर! मुलगा सीमेवर गेला आणि तीन महिन्यांच्या आत त्याला वाऱ्यावर सोडलंस. सगळी गल्ली बोलते, फौजेत गेलेल्या पोराला टाकणारी ती हीच. आता त्याचा आवाजही घेऊन चाललीस?

चेरिन : मी टाकलं? मी?

तेओची आई : नाहीतर काय मी?

चेरिन : हो, तुम्ही! त्याने मला सांगितलं, आईला तू पसंत नाहीस. आई रात्रंदिवस रडते. आईला दुखवून मला सुख नको, तू वाट बघू नकोस. त्याच्या तोंडचे शब्द आहेत हे.

तेओची आई : मी रडले? तुझ्यापायी? कांद्याची पोती चिरतानाही माझ्या डोळ्यात पाणी येत नाही!

चेरिन : मग ते मी मनचं बनवलं का? दोन महिने मी तुम्हाला शिव्या घातल्यात त्यावरून. मोठ्याने.

तेओची आई : मला तर तो म्हणाला, चेरिनला दुसरा कुणी मिळाला. नाव काढू नकोस तिचं.

चेरिन : दुसरा? कोण दुसरा?

तेओची आई : मी नाव विचारलं नाही. तुला शिव्या घालायला नुसतं ‘दुसरा’ पुरलं मला.

(फोन वाजतो. दोघी त्याच्याकडे अशा बघतात, जणू तोच आत्ता दार उघडून घरात शिरला आहे. आई हात पुसून फोन उचलते, आणि चेरिनलाही ऐकू जाईल असा मध्ये जमिनीवर ठेवते.)

तेओ : आई? नुरुंजी जेवली का?

तेओची आई : ते सांगते. आधी तू सांग. चेरिनला दुसरा मिळाला होता, त्याचं नाव काय?

तेओ : काय? हे मध्येच कुठून काढलंस? जाऊ दे ना आता ते.

तेओची आई : आणि मी रात्रंदिवस रडत होते, ते कधी? कुठल्या खोलीत?

तेओ : आई, तिथे कुणी आहे का?

चेरिन : मी आहे.

तेओ : चेरिन? तू... तू कशी तिथे?

चेरिन : तुझ्या आईने बोलावलं. जिला मी पसंत नाही, तिनेच.

तेओ : हे बघा, तुम्ही दोघी आधीच... मला वाटलं, खरं सांगितलं तर दोघी भांडाल.

तेओची आई : भांडलोच की. आत्तापर्यंत तेच चाललं होतं. खरं काय होतं?

तेओ : खरं म्हणजे... ‘माझी वाट बघ’ असं म्हणायला मला जमेना. बराकीतल्या प्रत्येकाची मैत्रीण सोडून गेलेली. म्हटलं, माझीही जाणारच. त्यापेक्षा आपणच आधी संपवावं. पण दोष कुणावर तरी घालायला हवा होता.

तेओची आई : म्हणून तिच्यापाशी मी वाईट आणि माझ्यापाशी ती वाईट. मध्ये तू तेवढा शहाणा, गरीब बिचारा.

तेओ : चुकलं माझं.

चेरिन : हे इतकं चटकन म्हणतोस ना, म्हणूनच राग येतो तुझा.

तेओ : नुरुंजीचं सांगा ना. आई, तिला काही झालंय का? चेरिन का आलीय?

तेओची आई : आजारी आहे. रोज जेवली म्हणत होते ते सगळं खोटं होतं. फोटोही जुने. गरम राहावी म्हणून मी तिला आजोबांच्या जागेवर ठेवली. पोट भाजलं तिचं. मी भाजलं.

तेओ : आई! काय केलंस तू हे? शंभर वेळा सांगून गेलो होतो, टेबलावरून हलवू नकोस! एवढंसं साधं काम...

चेरिन : आवाज खाली कर. ओरडायचं ते मी ओरडून झालंय. मी समोर येऊन ओरडले, तू लांबून ओरडू नकोस.

तेओ : वाचेल का?

चेरिन : माहीत नाही. शेपटीत थोडा जीव आहे अजून. डॉक्टरकडे निघालेय.

तेओची आई : आणि तिच्याकडेच राहील ती. मी देतेय. आपणहून.

तेओ : बरं. मग चेरिन, उद्यापासून तुला फोन...

चेरिन : मी उचलणार नाही. मला तुझा आवाज नको. काकूंना कळवत जाईन. त्यांना विचार.

तेओची आई : मला नको.

चेरिन : काकू, तुमच्यासाठीच म्हणतेय. म्हणजे फोन येईल तुम्हाला.

तेओची आई : कळलं मला. उसनी बातमी घेऊन मुलाशी बोलू? आणि तेही तुझ्याकडून? त्याला तू दोन ओळी लिहून पाठव, जगली तर जगली, मेली तर मेली. मला नको त्यात. जा आता, सात वाजतील. डबा कोटाच्या आत धर, पुलावर वारा असतो.

चेरिन : ते कळतं मला.

तेओची आई : तुला सगळंच कळतं. दार नीट ओढून घे.

तेओ : गेली?

तेओची आई : गेली.

तेओ : आई... मग उद्या फोन करून मी तुला काय विचारू?

तेओची आई : तेच बघायचंय मला.