हळू बोलायच्या गोष्टी

नाय, तिकडे नको, ह्या बाजूला बसा बाय, डाव्या हाताला — उजवा कान अगदीच गेलाय माझा, डाव्यानं थोडं तरी — छे, डाव्यानं पण आज काय कळायचं नाय म्हणा, कानाचं मशीन आत दिलंय दुरुस्तीला, घाम शिरला त्याच्यात. दर्याची हवा ही अशी, खिळासुद्धा टिकत नाय, तिथे मशीनचं काय घेऊन बसलात. म्हणजे आज मी कोरा बहिरा. तुमी बोलाल ते पोचायचं नाय, म्हणून मीच बोलतो. बहिरा माणूस बडबड्या असतो ना, त्याचं कारण हेच — आपण बोलत असलो की ऐकावं लागत नाय. आत गेले ते सासरे ना तुमचे? नुसती मान हलवा. हां. जाताना दारात तुमच्यावर खेकसले ते ऐकू नाय आलं, पण दिसलं. मला काय झालंय, माझे कान धड हायत, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता — असंच म्हणाले ना? मी पण हेच म्हणायचो. आमी सगळेच म्हणतो.

कारण काय, कान जातो तो डोळ्यासारखा जात नाय. अंधार पडत नाय. आवाज येतो, आवाज येत राहतो, फक्त शब्द सुटे होत नायत. मी तारापूरला होतो, यंत्रमागाच्या शेडमध्ये, एमआयडीसीत नवीन शेडी उभ्या राहिल्या तेव्हापासून — मागांचा तो खडखडाट, एकाला लागून एक माग, जमीन हलायची. कानात कापूस कोंबायचो आमी, मास्टर हसायचा. तिथे कोण कुणाशी तोंडानं बोलत नाय, सगळं हातानं आणि ओठांवरून, ते युपीवाले भय्ये पण, आमी पण — चहाला चल, धागा तुटला, साहेब आला, सगळं खुणांनी. मंग तुमीच सांगा, तिथे कोण बहिरा नि कोण धड, कसं समजणार? शेडमध्ये मी चांगला होतो. घरी आलो की बहिरा. घरी आल्यावर आधी रातकिडे सुरू झाले कानात. बायकोला म्हटलं, केवडे किडे झालेत ग वाडीत. ती म्हणाली, आत्ता? दिवसाढवळ्या? मी म्हटलं, तुझेच कान गेलेत.

हसा, हसा. आता हसायचंच हाय ते.

नि गंमत बगा, बाईमाणसाचा आवाज आधी जातो, पुरुषांचा मागनं. हे मला फार उशिरा कळलं, ह्या आतल्या म्याडमनी सांगितलं, बारीक आवाजाचा भाग आधी झिजतो म्हणून. पण घरात तेव्हा काय दिसायचं? माझा भाऊ ओट्यावर येऊन बोलला की मी उत्तर देणार, आणि ती आतून बोलली की गप्प. तिनं काय समजावं? माझी बायको, सुगंधा — माकुणसारची आमी, पानवेलीची वाडी हाय — ती म्हणायची, भावाचं बरं ऐकू येतं, माझंच येत नाय. वरसभर हे भांडण. मंग एकदा ती दारात येऊन म्हणाली, सुलूला ताप आलाय. सुलू म्हणजे आमची मुलगी, तेव्हा लहान होती. मी ऐकलं साप आलाय. काठी घेऊन मागच्या दारानं पळालो, केळीची पानं झोडपतोय, ओरडतोय, शेजारी गोळा झाले — आणि पोर आत तापानं फणफणलेली. तिनं माझा हात धरून आत नेलं, पोरीच्या कपाळावर ठेवला. त्या दिवशी तिला समजलं. मला समजायला आणखी वेळ लागला, पण तिला त्या दिवशी.

मशीन मेव्हण्यानं आणलं. मुंबईच्या दुकानातून, तयार, जसं आपण बॅटरी आणतो तसं — ना कान तपासला, ना काय. ती डबी असते ना, खिशात ठेवायची, वायर कानापर्यंत, तसली. तुमच्या सासऱ्यांना कोण असं आणून देत असेल तर घेऊ नका हां, आधी कान मोजून घ्या, दोन्ही कान वेगवेगळे असतात, चष्म्याचा नंबर काढतात तसंच हे. मी ते लावलं नि बाहेर पडलो. पारावर पोरं बसलेली, क्रिकेटचे दिवस, म्हणतात, काका, स्कोअर काय झाला? रेडिओ समजले. एकानं विचारलं ते कानात नीट आलं, आणि तेवडंच नीट आलं, बाकी सगळा कल्ला — कावळे, सायकलची चेन, खिशाला कापड घासतंय त्याचा खरखराट, भांडं आपटलं की मेंदूत खिळा. जवळचं, लांबचं, कामाचं, बिनकामाचं, सगळं सारख्याच आवाजात. संध्याकाळी काढून कपाटात टाकलं. तिला म्हटलं, तू हायस ना. तू मोठ्यानं बोल. ती म्हणाली, बरं.

बरं म्हणाली. पंधरा वरसं ओरडली मंग ती.

म्हणजे तुमी विचार करा कशी बाई — माहेरी तिला मुकी म्हणायचे, येवडी मऊ बोलणारी. आणि आमच्या आळीत नव्या सुना तिला घाबरायच्या. सुगंधाकाकू म्हणजे कजाग, सकाळपासून नवऱ्यावर ओरडत असते. जेवायला चला — ओरडून. पंपाची मोटर बंद करा — ओरडून. झुंबर म्हणून शेजारीण हाय आमची, ती सांगायची, तुमच्या घरात आज काय भाजी हाय ते आमाला आमच्या चुलीजवळ कळतं. पण त्यात झालं काय बाय... हळू बोलायच्या गोष्टी असतात की नाय माणसाच्या? नवरा-बायकोच्या. त्या ओरडून कशा बोलणार? चार घरं ऐकतात. त्या मंग बोलायच्याच राहिल्या. सुरुवातीला राहिल्या राहिल्या वाटल्या, मंग सवय झाली. सुलूचं लग्न ठरवलं आमी, ते पण ओरडून. मुलगा बरा वाटतो का? हो! घरचे? बरे! — संपलं. तिला मनातून काय वाटत होतं, मला ठाऊक नाय. पोरगी सुखात हाय, ते जाऊ द्या.

गेल्या वरसी तिचा आवाज बसला. आधी आलं, ज्येष्ठमध, हळदीचं दूध. मंग घोगरा झाला, मंग फाटला, आणि ती तशीच ओरडतेय. सुलू आली माहेरपणाला, ती घाबरली, तिनं मुंबईला नेलं मोठ्या इस्पितळात. आवाजाच्या पडद्यावर गाठ. वाईट नव्हती गाठ, देवाची कृपा, काढली — पण पडदे आता नीट मिटत नायत. आवाज असा नाय राहिला. नुसती हवा. ओठ हलतात, हवा येते. लोकांना ऐकू येतं हो, झुंबरला येतं, सुलूला येतं, जवळ बसलं की. मलाच येत नाय.

तरी मी काय लगेच इथे आलो नाय. मला बोलावायचं तर ती जमिनीवर पाय आपटायची, ओट्याच्या फळीवर, ते पायांना कळतं. किंवा येऊन खांद्याला हात लावायची. चाललं होतं. मंग पावसाच्या आधी, वाडीत, मी मांडवात पानं खुडत होतो आणि ती कुडाच्या पलीकडे पाण्याच्या पाटाजवळ शेवाळावरून घसरली. पाय मुरगळून खाली. मला हाका मारत राहिली. मी कुडाच्या ह्या बाजूला. गुणगुणत होतो म्हणे. हे झुंबरनं सांगितलं — ती गवताला आली तेव्हा तिला दिसलं, ही चिखलात पडलेली, मुठीत माती घेऊन कुडावर फेकतेय मला कळावं म्हणून, आणि मी आपला आत गाणं म्हणतोय. झुंबरनं धावत येऊन माझ्या पाठीत बुक्का घातला. मी गेलो, उचललं तिला, तर ती रागावलेली पण नव्हती. माझ्या शर्टावर माती लागली ती झटकत होती.

दुसऱ्या रविवारी आलो इथे. ह्या म्याडम चांगल्या हायत. कानाला ते मोठं हेडफोनसारखं लावतात, टूं टूं येतं, आलं की बोट वर करायचं — सासऱ्यांना सांगा, अंदाजानं बोट वर करू नका, मी पहिल्यांदा केलं, लगेच पकडलं मला. मंग कागदावर रेघ काढून दाखवली, सुरुवातीला बरी चालते आणि पुडे घसरगुंडी. म्हणाल्या, जाडा आवाज हाय तुमचा शिल्लक, बारीक गेलाय, म्हणून 'आ' येतो पण 'स' नाय, 'त' नाय. डबीवालं नको, कानामागचं घ्या, साचा तुमच्या कानाचा बनवू. मी म्हटलं, म्याडम, मला जग ऐकायचं नाय. एकाच माणसाचं ऐकायचंय. म्हणाल्या, कुणाचं? म्हटलं, बायकोचं. कशी बोलते? — मी करून दाखवलं. नुसती हवा. त्यांनी पेन खाली ठेवलं. समोर बसून, सावकाश म्हणाल्या, काका, ती हवा म्हणजेच तो बारीक आवाज. तुमचं नेमकं तेच गेलंय. मशीन मदत करेल, पण पूर्ण नाय. समोर बसा, उजेडात बसा, ओठ बगा, रोज थोडं थोडं बसा. महिने लागतील.

बसलो. दुपारी ओट्यावर, गुडघ्याला गुडघा लावून, लग्नात बसलो नसू येवडे जवळ. पहिल्या दिवशी ती बोलली, मला आलं स्स स्स, सुरूच्या झाडात वारा शिरतो तसं. मी मान हलवली, हो हो. मान हलवण्यात आमी हुशार असतो. तिनं लगेच ओळखलं, हसायला लागली, आवाजाशिवाय, डोळ्यांतून पाणी. मंग एकेक शब्द. ती मीठ म्हणायची, मी पीठ. ती सुलू म्हणायची, मी चुलू. शाळेसारखं. झुंबर कुडावरून बगून जायची आणि पदर तोंडाला लावायची. मी दोनदा मशीन काढून ठेवलं रागानं, तिनं दोन्हीदा परत कानात घातलं माझ्या, बोटानं दाबून. आणि मंग एके दिवशी आलं बाय. ओठ आणि हवा दोन्ही जुळलं, अख्खं वाक्य आलं. काय असावं? पंधरा वरसांनी पहिलं वाक्य हळू बोललेलं. ती म्हणाली —

दमले मी.

येवडंच. मी म्हटलं, काय? पुन्हा. ती म्हणाली, दमले मी, खूप दमले. आता हे काय ओरडून सांगायची गोष्ट हाय का? मोटर बंद करा ओरडून सांगता येतं. दमले मी, हे कसं ओरडणार कुणी? कदी दमली होती, कदीपासून, मला काय ठाऊक. मी तिचे पाय चेपले, येवडंच सुचलं.

तुमचा चहा निवला. पिऊन घ्या.

मुंबईला गाठ काढली ना, तिथे मी डॉक्टरांना विचारलं होतं. सुलू बरोबर होती. म्हटलं, साहेब, माझ्यासाठी ओरडून ओरडून तर नाय ना गेला तिचा आवाज? ते हात धूत होते, पाठ माझ्याकडे. बोलले. चांगलं बरंच बोलले, मान हलत होती त्यांची, मला मागनं काय कळणार? सुलूला विचारलं, काय म्हणाले? सुलू म्हणाली, काय नाय बाबा, चला. तिचा चेहरा बगितला मी, त्यात काय वाचता आलं नाय. येवडी वरसं लोकांचे चेहरे वाचतोय. तिथेच नाय वाचता आलं.

मंग परवा म्हटलं, आता तर मशीन हाय, आता हिलाच विचारू. पानं जुळवत बसलो होतो दोघं, ती समोर. विचारलं, सुगंधा, माझ्यामुळे गेला का ग तुझा आवाज? नीट विचारलं, स्पष्ट. आणि विचारायच्या आधी — कानामागे बारीक खटका असतो मशीनचा. तो बंद केला होता मी. कान खाजवल्यासारखं करून. आणि विचारलं नि मान खाली घातली, पानं सारखी करत राहिलो, देठाला देठ. ओठ पण बगितले नायत. ती बोलली असेल. थोडं की बरंच, कुणास ठाऊक. मंग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मी वर बगितलं तर तिचं झालं होतं बोलून. मी मान हलवली. ती उठली, चहा टाकायला गेली. आणि मी तिथे बसलेलो, पानं हातात...

हे तुमाला कशाला सांगतोय मी. तुमी सासऱ्यांसाठी आलात, मशीन कुठलं घ्यावं येवडंच विचारायचं असेल तुमाला.

ते बगा, दार उघडलं. आले ते बाहेर. हातातला कागद कसा धरलाय बगा, घाबरलेत. उठा. मागनं हाक मारू नका, पुडे जाऊन उभ्या राहा त्यांच्या, तोंड दिसू द्या, मंग बोला. नाय, नाय, माझ्याशी काय बोलू नका आता. जा बाय. जा.