विमानातल्या दोन वाटा

दुपारी सव्वातीनला माझ्या पायाखालची जमीन सरकली, तीही उडत्या विमानात! तान्ह्या सोनूला घेऊन मी नाशिकहून नवऱ्याकडे दुबईला निघाले होते. शेजारी मालेगावच्या एक मावशी बसल्या होत्या, त्यांना मी खाला म्हणत होते. त्यांच्या मांडीवर सोनूला देऊन मी बाथरूमला गेले. परत आले तर आमच्या जागेवर दोन गोरे! खाला नाहीत, सोनू नाही.

"माझं बाळ कुठंय हो?" मी रडतच ओरडले.

तेवढ्यात मधल्या खुर्च्यांच्या पलीकडून खाला म्हणाल्या, "अगं बेटी, तू दुसऱ्या वाटेनं आलीस! विमानातून तुझं पोरगं घेऊन मी पळणार कुठं?"

एसटीत वाट एकच असते, मोठ्या विमानात दोन. लेकरू घेऊन कुणी निघालं, तर एवढं सांगाच.