कडुलिंबावरची रताळी

अरे, लाकडावर भाजायचं काम माझ्याकडेच द्यायचं, हे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सगळ्यांना माहितीये.

त्या रविवारी सासू-सासरे आलेले. झाडं छाटल्यावर गेटजवळ पडलेल्या कडुलिंबाच्या वाळक्या फांद्या मी गच्चीत पेटवल्या, वर जाळी ठेवून रताळी भाजली. सासऱ्यांना शुगर, म्हणून सासूबाईंनी त्यांना नुसतं बघत बसवलेलं.

पहिला घास सासूबाईंनीच घेतला. "अमोलराव, कडू लागतंय हो."

मी कशाला चूक मान्य करतोय. म्हटलं, "मुद्दाम कडुलिंबावर भाजलीत आई. शुगरला चांगलं."

सासूबाईंनी अख्खं ताट सासऱ्यांपुढे सरकवलं. "मग तुम्हीच संपवा."

त्यांनी मान वर न करता संपवलं.

काल सासरे परत आले, कोपरीच्या त्यांच्या घरून. पिशवीत रताळी, काखेत कडुलिंबाची फांदी.