भोयर सर आणि फोनवरचं 'हो'

"पोरी, हे ऑफिसच्या टेन्शननं गेले का वं?"

भोयर काकूंनी मला परवा हा प्रश्न विचारला. त्यांच्या घरी, स्वयंपाकघराच्या दारात, बाकी पाहुणे बाहेर बसलेले असताना. आज सरांच्या शोकसभेतही तोच प्रश्न माझ्यासमोर आहे. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. मी डॉक्टर नाही. ज्याची मला खात्री नाही ते मी या माइकवरून बोलणार नाही. सरांनी बोलू दिलं नसतं.

काकू, सरांच्या दोन्ही मुली, शेजारची मंडळी, आमच्या ऑफिसातले सगळे, आणि सरांचे ग्राहक. ग्राहक मंडळी, तुम्ही आज आम्हा ऑफिसवाल्यांपेक्षा जास्त आला आहात. सगळ्यांना नमस्कार, जय भीम.

माझं नाव प्रज्ञा. सदर भागातल्या ज्या ऑफिसात सर काम करायचे, तिथेच मी त्यांच्या हाताखाली काम करते. आम्ही विमा आणि गुंतवणुकीच्या योजना विकतो. मला भाषणाची सवय नाही. म्हणून लिहून आणलंय.

माझ्याआधी आमचे मोठे साहेब बोलले. सर वेळेवर यायचे, सर हसतमुख होते, सर सगळ्यांशी जुळवून घ्यायचे, असं ते म्हणाले. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी नाही. सर सगळ्यांशी जुळवून घेत नव्हते. साहेब, हे तुम्हाला या सभागृहात सगळ्यात जास्त माहीत आहे.

मघाशी आत येताना साहेब मला म्हणाले, "प्रज्ञा, थोडक्यात आटोप. चांगल्या आठवणी सांग." साहेब, मी चांगल्याच आठवणी सांगणार आहे.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. बाबा कळमेश्वरला एमआयडीसीत कारखान्यात आहेत. मला ही नोकरी लागली तेव्हा आईनं माझं ऑफिसचं ओळखपत्र गल्लीत घरोघरी दाखवून आणलं. परत आलं तेव्हा त्यावर कुणाच्या तरी घरची हळद लागली होती. तेच गळ्यात घालून मी पहिल्या दिवशी सरांसमोर बसले.

सर म्हणाले, "मी गिऱ्हाईक. विक मले."

मी माहितीपत्रक पाठ करून आले होते. मार्केट लिंक्ड, लॉक-इन, फंड व्हॅल्यू. सगळं धडाधड म्हणून टाकलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

"मस्त. आता सांग, मले काय समजलं असन?"

"सगळं समजलं असेल, सर."

"घंटा समजलं."

काकू, माफ करा. पण ते असंच म्हणाले. (तुम्ही हसलात, बरं वाटलं.) मग म्हणाले, "पोरी, तू बोलली म्हणजे तू सांगतलं असं होत नाही. समोरच्याले समजलं तं सांगतलं."

पुढे मी पाहिलं, सर प्रत्येक ग्राहकाबरोबर हेच करायचे. योजना समजावून झाली की पेन बाजूला ठेवायचे. सही नाही. आधी ग्राहकानं बोलायचं. "आता तुम्ही मले सांगा, मी तुमाले काय विकून राहिलो? पैसे केव्हा काढता येतीन? बुडाले तं काय बुडन? न् मले यातून काय भेटन?" ऑफिसात सगळे याला भोयर सरांची तोंडी परीक्षा म्हणायचे. चेष्टेनं. सरांना चालायचं.

कापडवाले काका, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. तुम्ही या परीक्षेत नापास झाला होता. आठवतं? तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "पैसे मी देऊन राहिलो, न् परीक्षा बी माहीच? असं कुठं असते गा?" सर म्हणाले, "बसा. मले कमिशन किती भेटते ते विचारा." तुम्ही म्हणालात, "छ्या! असं विचारणं बरं दिसते का?" तेव्हा सर म्हणाले, "पोरगी देताना जावयाचा पगार विचारला का नाही? मंग मले लाजता काहून?" तुम्ही चिडून गेलात. पुढच्या आठवड्यात परत आलात. पास झालात. आणि ती योजना घेतलीच नाहीत, दुसरी साधी घेतलीत. त्या दिवशी सरांचं टार्गेट चुकलं होतं. सर मात्र दिवसभर खुशीत होते.

मित्रहो, हे काही सरांचं वेड नव्हतं. हा कायदा आहे. साध्या माणसाला आर्थिक योजना विकताना धोका सांगायचा, खर्च सांगायचा, पैसे किती वर्षं अडकतील ते सांगायचं, आणि ही योजना त्याच्या गरजेची आहे की नाही ते बघायचं. आम्ही सगळे हे प्रशिक्षणात शिकतो. परीक्षा देतो. पास होतो. आणि मग काय करतो?

मग आम्ही फोनची तयारी करून घेतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विमा विकल्यावर कंपनीकडून ग्राहकाला फोन येतो. तो रेकॉर्ड होतो. तुम्हाला अटी सांगितल्या का, धोका सांगितला का, पैसे पाच वर्षं काढता येणार नाहीत, म्हणजे लॉक-इन आहे, हे सांगितलं का. हा फोन ग्राहकासाठी आहे. त्याला फसवलं असेल तर त्यानं तिथे 'नाही' म्हणावं, यासाठी आहे. आणि आमच्यातले कितीतरी जण ग्राहकाला आधीच सांगून ठेवतात, "फोन येईन. सगळ्याले हो म्हणा. नाही म्हटलं तं माही नोकरी जाईन."

आपली माणसं काय करतात? हो म्हणतात. आपल्याला वाटतं, घरी चहा पिऊन गेलेला पोरगा आहे, त्याचं कशाला वाईट करायचं? ग्राहकाच्या रक्षणासाठी ठेवलेला प्रश्न, आणि ग्राहकच तो आमच्यावर उपकार म्हणून सोडून देतो. सर यावर फार चिडायचे. म्हणायचे, "कायदा त्याच्या हातात ढाल देते, न् तो तिची छत्री करून आपल्या विकणाऱ्यायच्याच डोक्यावर धरते. आपण बी लाजत नाही."

आता मी शालू सिस्टरबद्दल बोलणार आहे. त्यांना आणि काकूंना विचारूनच बोलते आहे.

शालू सिस्टर धंतोलीच्या एका दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. निवृत्त झाल्या. निवृत्तीचे पैसे घेऊन आमच्याकडे आल्या. सर तेव्हा मुलीकडे गावाला गेले होते, मी प्रशिक्षणाला. आमच्या एका सहकाऱ्यानं त्यांना बाजाराशी जोडलेली विमा योजना विकली. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. तो वाईट मुलगा नाही. सिस्टरनी त्याला एकच प्रश्न विचारला होता. मिस्टरांना हृदयाचं दुखणं आहे, केव्हाही ऑपरेशन लागेल, तेव्हा पैसे निघतील ना? तो म्हणाला, "तुमचेच पैसे आहेत, सिस्टर. केव्हाबी काढा."

मग फोन आला. सिस्टर हो म्हणाल्या.

ऑपरेशनची वेळ आली तेव्हा सिस्टर ऑफिसात आल्या. पैसे निघत नव्हते. साहेबांच्या केबिनमध्ये सिस्टर होत्या, तो सहकारी होता, सर होते, आणि सरांनी बोलावलं म्हणून मी होते. साहेबांनी रेकॉर्डिंग लावलं. फोनवरची मुलगी भराभर विचारत होती. पाच वर्षं पैसे काढता येणार नाहीत, हे आपल्याला सांगण्यात आलं आहे का? आणि सिस्टरचा आवाज आला. हो.

साहेब म्हणाले, "ऐकलं ना? तुमचाच आवाज आहे."

आपण स्वतःच काहीतरी चोरलं असावं, असा चेहरा झाला सिस्टरचा. आणि मग तो सहकारी बोलला. खाली बघत. "सर, मीच म्हटलं होतं, हो म्हणा म्हणून. महिना संपून राहिला होता, टार्गेट बाकी होतं."

सर साहेबांकडे वळले. ते शब्द मला तसेच्या तसे आठवतात. "साहेब, आवाज सिस्टरचा आहे. उत्तर आपलं आहे. पैसे परत द्यायची शिफारस करा."

शिफारस झाली नाही. कंपनीनं तक्रार फेटाळली. रेकॉर्डिंग आहे म्हणाले. सरांनी सिस्टरना सांगितलं, आता विमा लोकपालांकडे जा, कंपनीविरुद्धच्या तक्रारी ते ऐकतात, त्या केबिनमध्ये मी जे ऐकलं ते मी लिहून देतो. त्यानंतर ऑफिसात सरांशी कोण किती बोलत होतं, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. सरांचं टेबल कुठून कुठे गेलं, तेही माहीत आहे. मी त्यावर जास्त बोलत नाही. सुरुवातीलाच म्हटलं, खात्री नसेल ते बोलणार नाही.

लिहून द्यायच्या आधीच सर गेले.

सिस्टरचे मिस्टर अजून ऑपरेशनची वाट बघत आहेत. गोळ्यांवर आहेत. आणि सर गेल्यानंतर, सुतक अजून संपलं नव्हतं तेव्हा, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाणी दिलं. सरांबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, "प्रज्ञा, सिस्टर आल्या त्या दिवशी तू चहा सांगायला बाहेर गेली होतीस ना?"

मी म्हटलं, "नाही साहेब. मी आतच होते."

साहेब म्हणाले, "नीट आठव. घाई नाही. तुझी नोकरी पक्की व्हायची आहे अजून."

साहेब, तुम्ही उठू नका. माझं थोडंच राहिलंय. तुम्ही मला धमकी दिली असं मी म्हणत नाही. तुम्ही आवाजही चढवला नाही. मी फक्त जे झालं ते सांगते आहे. सर मला तेवढंच शिकवून गेले.

मी त्या संध्याकाळी शालू सिस्टरकडे गेले. मला वाटलं, त्या म्हणतील, पोरी, आता तूच आहेस. त्या काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "राहू दे वं. तुह्या घरी तू आता कुठं कमावती होऊन राहिली. माह्यापायी तुही नोकरी नको जायला. मी तक्रार मागं घेतो."

मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि मला एकदम कळलं. या बाईनं एका मुलाची नोकरी वाचावी म्हणून 'हो' म्हटलं होतं. आता एका मुलीची नोकरी वाचावी म्हणून त्या गप्प बसायला निघाल्या होत्या. आत त्यांचे मिस्टर खोकत होते. इतकी चांगली माणसं आपल्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसतात. आणि आपण त्यांच्या चांगुलपणावर धंदा करतो.

घरी आले. आईला सगळं सांगितलं. लॉक-इन वगैरे तिला काही माहीत नाही. तिनं कणीक मळता मळता विचारलं, "ती बाई खरं बोलून राहिली का?"

"हो."

"तू ऐकलं का?"

"हो. मी तिथंच होते."

"मंग मले काहून विचारतं?"

बाबा जेवत होते. ते म्हणाले, "घर चालते पोरी. तू नव्हती कमवत तेव्हा बी चाललंच ना." आणि भाजी वाढ म्हणाले. बस. एवढंच बोलणं झालं.

मित्रहो, भोयर सर मोठे पुढारी नव्हते. त्यांच्या नावानं कुठला चौक होणार नाही. त्यांना संताप यायचा, ते कधी कधी तोंडानं फटकळ होते, आणि जेवणाचा डबा झाला की पाचच मिनिटं म्हणून डुलकी काढायचे. पण या शहरात अशी कितीतरी घरं आहेत, जिथल्या माणसांना आपण कशावर सही केली ते नीट सांगता येतं. ती माणसं आज इथे बसली आहेत. याहून मोठी श्रद्धांजली मला सुचत नाही.

माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. तो फोन येईल तेव्हा ग्राहकाजवळ बसू नका. उठून बाहेर जा. त्याला काय म्हणायचं ते म्हणू द्या. नोकरी जाईल अशी भीती मलाही वाटते. काल रात्री झोप लागली नाही. पण भीती वाटते म्हणून ती समोरच्या म्हाताऱ्या बाईच्या पदरात बांधून द्यायची का?

आता आपण सगळे उभे राहूया आणि सरांसाठी दोन मिनिटं शांत राहूया. त्याआधी एक शेवटचं सांगते, कारण हे साहेबांना बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

शालू सिस्टरनी तक्रार मागे घेतलेली नाही. आज सकाळी त्या आणि मी दोघी मिळून लोकपालांकडच्या तक्रारीसाठी गेलो. त्या दिवशी केबिनमध्ये कोण काय बोललं, ते मी माझ्या नावानिशी लिहून, सही करून त्यांच्या तक्रारीसोबत दिलं आहे. त्याची एक प्रत, साहेब, इथे यायच्या आधी तुमच्या टेबलावर ठेवून आले आहे.