केवळरामचा कॅमेरा अन् पळता माणूस

...खोटं बोलत असंल तं तलावाचं पाणी हातात घेऊन शपथ घेतो, अक्षर न् अक्षर खरं हाय, मी तिथीच उभा होतो! म्हणजे... उभा नव्हतो, त्या आठवड्यात मी कोरपन्याले भाच्याचा कापूस पाहाले गेलो होतो, पण उभा असतो तं हेच पाह्यलं असतं ना? मंग! तुमी शंका कायले घेता? शंका घ्याचं काम आमच्या केवळरामचं, त्यानं घेतली तेवढी साऱ्या तालुक्याले पुरे!

तर तुमाले सांगतो, हा केवळराम जाळं टाके तलावात अन् डोळा ठेवे गावावर. त्याच्या पोरीचं, भाग्यश्रीचं, साक्षगंध झालं मुखरूच्या पोराशी. आता आमच्यात रीत अशी, की साक्षगंधापासून लग्नापर्यंत दर बाजाराच्या दिवशी पोरीच्या घरून इवायाच्या घरी जाळ्यातली मोठी मासोळी जाते. अन् हा गडी काय धाडे? बोटाएवढ्या! मोठी बाजारात नेऊन इके, अन् इवायाले सांगे, "लागतच नाई जी आजकाल!" अन् गंमत पाहा, दोन महिन्यांनी खरंच लागेना! सकाळी जाळ्यात पाणी उसळताना दिसे, दुपारी काढावं तं आत शेवाळ... अन् तिकडे मुखरूच्या अंगणात हे रुपयाएवढे खवले!

"यात काहीतरी घोळ हाय," केवळराम म्हणे. "माहा इवाईच चोर हाय!"

पण बोलावं कसं? पुराव्याबिगर सभेत बोललं तं पोरीचं लग्न मोडते, अन् चोराच्या घरी पोरगी द्यावी तं तेही मन होत नाई. तितक्यात गडचांदूरच्या सिमेंट कंपनीत कामाले असलेला साळा आला, प्रफुल. त्यानं साबणाच्या वडीएवढा कॅमेरा काढून दिला. "घ्या भाऊजी, मी तं मोबाइलवरच काढतो आता." दुसरा माणूस असता तं खुश झाला असता! केवळराम म्हणते, "फुकट काऊन देऊन राह्यला? यात काहीतरी घोळ हाय."

अन् त्या कॅमेऱ्यावरची चकती तुमी पाह्यली का? एक फूल, एक डोंगर, एक चांद, अन् एक पळता माणूस! केवळरामनं फुलाले नाक मुरडलं, पळत्या माणसावर बोट ठेवलं अन् बायकोले, इंदिराबाईले, म्हणाला, "पाह्य! कंपनीले बी मालूम हाय. हा चोर पकडाचा खटका!" मंग मेनूत शिरला. हे दाब, ते दाब... अन् सारी अक्षरं चिनी झाली! लावला फोन प्रफुलले.

"भाऊजी, सोपं हाय, मेनूत जा अन् भाषा बदला."

"अरे पण 'भाषा' कोणत्या भाषेत लिहिली हाय बे?"

प्रफुलनं फोनच ठेवला! मंग केवळरामनं देवाचं नाव घेऊन चारपाच गोष्टी दाबल्या, पडद्यावर एक हसरा गोल चेहरा आला, यानं समजलं यंत्र राजी झालं. बाजाराच्या दिवशी सकाळीच तलावाकाठच्या मोहाच्या बेचक्यात, तोंड जाळ्याकडे करून कॅमेरा बांधला, अन् "पळ आता मुखऱ्या," म्हणत घरी आला.

सांजच्याले पाह्यलं तं बॅटरी मेलेली. आत काय निघालं? पाहाले येते कोणाले! तसाच चार्ज केला, अन् रविवारी मच्छीमार संस्थेच्या सभेत टेबलावर ठेवून म्हणाला, "चोर कोण हाय ते हे यंत्र सांगंल." असं म्हणून पाह्यलं सरळ मुखरूकडे! मुखरूची मान ताठ. दारात भाग्यश्री उभी, ओढणीचं टोक दातात.

संस्थेच्या सचिव दिव्यानीताई, शिकल्यासवरल्या, त्यांनी एक त्रिकोण दाबला अन् फोटो लागले. अकरा फोटो! मुखरू एकातही नाई. कंबरभर पाण्यात एक बाई, हातात वीतभर... वीतभर कायले, हातभर रोहू, अन् दात सारेच्या सारे बाहेर! बाजूले पिशवी घेऊन दुसरी, पाठमोरी.

केवळराम निरखून म्हणते, "ही बाई कोण हाय?"

छब्बीस वर्षं संसार झाला, पण त्यानं ते दात कधी पाह्यलेच नव्हते ना! मागून आवाज आला, "मी हावो. अन् बाजूले आशाबाई, तुमची इहीन. तुमी बोटाएवढ्या धाडा, मले तोंड दाखवाची लाज वाटे, म्हणून तुमच्या घराची इज्जत मीच नेऊन देत होती. पिशवीत."

आशाबाई म्हणते, "अगं माय! अन् मी मनात म्हणो, इवाई किती दिलदार माणूस!"

मुखरू उठला. "इवाई, यंत्र काही सांगणार होतं म्हणे?"

केवळरामनं पोरीकडे पाह्यलं, घाम पुसला. "हेच... हेच दाखवाचं होतं. आमच्या घरून मोठीच मासोळी जाते."

जे हासले लोक! अन् टेबलावरचा कॅमेरा आपोआप, खटक! खटक! खटक! हात कोणाचा नाई! दिव्यानीताईनं हसता हसता सांगितलं, "काका, तुमी हसऱ्या चेहऱ्यावर लावला हाय. समोरचा हासला तंच फोटो निघते. चोर का हासत हासत चोरी करंल?" तेव्हा केवळरामही हासला, मुखरूच्या गळ्यात पडला, अन् लग्न ठरल्या दिवशी झालं.

आता शपथ घेतली हाय तं एक कबूल करतो. मासोळी खरी, दात खरे, लग्न तं खरंच खरं, मी जेवलो. फक्त केवळराम हासला हे मी आपलं गोडीसाठी घातलं. नाई हासला जी तो! लग्नातही तोच कॅमेरा, 'भाषा' अजून सापडली नाई, एकशे चाळीस फोटो, साऱ्या मांडवाचे दात दिसते, अन् दर फोटोत मधात हा एकटा इंदिराबाईच्या तोंडाकडे पाहून राह्यला...

"आता कायले हासते ही? यात काहीतरी घोळ हाय!"